सूर्यचंद्रांकित शिळा

साष्टी बेटाच्या ज्या भागास आज आपण मुंबईचें उपनगर म्हणतों, तेथें जुनें असें कांहीं उरलें आहे यावर सहसा कोणाचा विश्वास बसत नाहीं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत इमारतींनीं, रुळांनीं व रस्त्यांनीं भूमि इतकी व्यापिली आहे कीं, येथें एके काळीं भातखाचरें, मिठागरें व आमराया होत्या हें सांगूनहि खरें वाटत नाहीं. तथापि एखाद्या गांवठाणांतील देवळामागें, तळ्याच्या कांठीं अथवा पिंपळाच्या पारालगत अजूनहि एखादा उभा, चपटा, काळा दगड दृष्टीस पडतो. त्याचा निम्मा भाग बहुधा जमिनींत गाडलेला असतो. वरच्या अंगास एक वर्तुळ व एक चंद्रकोर कोरलेली दिसते. मध्यें कांहीं ओळी असाव्यात असा भास होतो. आणि तळाशीं माती बाजूस सारल्यास एक विचित्र चित्र उघडें पडतें. आजूबाजूच्या लोकांस विचारावें, तर कोणी म्हणतो, हा गांवाचा राखणदार. कोणी म्हणतो, याखालीं धन पुरलेलें असून या त्याच्या गुप्त खुणा. आणि कोणी तर त्याकडे बोट दाखविण्यासहि भितो.

हा दगड कोणता, त्यावरील खुणांचा अर्थ काय, आणि तो कसा ओळखावा, हें आपल्या विद्यार्थिवर्गास व त्यांच्या वडीलमंडळींस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, या दगडांत गूढ असें कांहीं नाहीं. ज्यांनीं तो उभा केला, त्यांची इच्छा तो सर्वांस समजावा अशीच होती. तो वाचण्याचा क्रम तेवढा आपण विसरलों आहों.

अभ्यासक या जातीच्या दगडास ‘गद्धेगाळ’ असें म्हणतात. गाळ म्हणजे शिवी अथवा शाप. गाढवाच्या नांवानें घातलेला जो शाप, तो गद्धेगाळ. उत्तर कोकणांत शिलाहार राजांचें राज्य होतें, त्या काळापासून पुढें कांहीं शतकें असे दगड उभारण्याची चाल होती. तेव्हां अशी शिळा दिसल्यास ती वरून खालीं, पायरीपायरीनें वाचावी.

पहिली पायरी शिरोभागाची. तेथें सूर्य व चंद्र असतात. पुष्कळदां त्या दोहोंच्या मध्यें मंगलकलशहि असतो. सूर्यचंद्र पाहून हा ज्योतिषाचा कांहीं प्रकार असावा असें वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांचा अर्थ अगदीं सरळ आहे. जुन्या दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ हा शब्द वारंवार येतो. चंद्र व सूर्य आकाशांत आहेत तोंपर्यंत हें दान चालावें, असा त्याचा भाव. ज्यास अक्षर येत नाहीं त्यासाठीं तोच शब्द चित्ररूपानें दगडाच्या माथ्यावर कोरिला आहे. हे दोघे त्या व्यवहाराचे साक्षीदारहि आहेत. एक दिवसा पाहतो, दुसरा रात्रीं पाहतो. अर्थात् या चिन्हांवरून इतकें निश्चित होतें कीं, खालीं जें कांहीं लिहिलें आहे तें कायमचें म्हणून लिहिलें आहे.

दुसरी पायरी मधल्या लेखाची. हा लेख बहुधा देवनागरी लिपींत असतो. तरीहि आपणांस तो वाचतां येत नाहीं, याचीं कारणें तीन. एक तर, त्या काळचे लेखक शब्दाशब्दांत अंतर सोडीत नसत. सर्व ओळ सलग असे. दुसरें, आपण जी मात्रा अक्षराच्या डोक्यावर देतों ती ते पुष्कळदां अक्षराच्या मागें उभ्या रेघेसारखी देत. तिला पृष्ठमात्रा म्हणतात. अशी रेघ पाहून नवख्या वाचकास तेथें काना आहे असें वाटतें व सर्वच शब्द बिघडतो. तिसरें कारण म्हणजे कोकणचा पाऊस व समुद्राची खारी हवा. शेंकडों वर्षें पावसाच्या धारा अंगावर घेतल्यानें अक्षरांच्या कडा झिजून जातात. कांहीं दगडांवर तर लेखाची जागा अगदीं कोरीच दिसते. अशा वेळीं वरचीं चिन्हें व खालचें चित्र यांवरूनच दगड ओळखावा लागतो.

लेखांत काय असतें, हें कळण्यासाठीं मुंबईंतील परळ येथें मिळालेल्या एका शिळेचें उदाहरण घेऊं. तो लेख शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याच्या वेळचा असून त्यावर शके ११०८, म्हणजे सन ११८७ हा काल दिला आहे. षट्षष्टि प्रांतांतील महवली गांवच्या एका वाडीच्या उत्पन्नांतून चोवीस द्रम्म वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठीं लावून दिले, अशी त्यांत नोंद आहे. द्रम्म हें त्या काळचें नाणें. षट्षष्टि म्हणजे सहासष्ट. सहासष्ट गांवांचा जो प्रांत, त्याच्या नांवाचा अपभ्रंश होत होत ‘साष्टी’ झाला. महवली म्हणजे कुर्ल्याच्या बाजूचें माहुल असावें, असें मानितात. पाहा, आज ज्या उपनगरांत आपण राहतों, त्याचें नांव, तेथील वाडी, तिचा वसूल आणि तो कोणास द्यावयाचा हा हिशेब, हें सर्व एका दगडानें आठशें वर्षांहून अधिक काळ सांभाळून ठेविलें!

या लेखांतील आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दानाचा मजकूर संस्कृतांत आहे. परंतु शेवटीं जो शाप आहे, तो मराठींत आहे. जो कोणी हें शासन मोडील त्याच्यावर, त्याच्या कुटुंबासह, वैद्यनाथ देवाचा भाला पडो, अशा अर्थाचें तें वाक्य असून त्यापुढें गाढवाचा शाप आहे. राजाच्या पदव्या व तिथि-वार संस्कृतांत असले तरी चालेल, कारण ते पंडितांनीं वाचावयाचे; परंतु शाप मात्र शेतकऱ्यास, माळ्यास व गांवच्या अधिकाऱ्यास कळला पाहिजे, म्हणून तो त्यांच्या बोलींत लिहिला. ज्या दगडांकडे लोक तुच्छतेनें पाहतात, त्यांवरच आपल्या मायबोलीचीं अत्यंत जुनीं वाक्यें राहिलीं आहेत. अलिबागेजवळील आक्षी गांवचा मराठी लेखहि अशाच शिळेवर आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं त्यावरील शक ९३४, म्हणजे सन १०१२ असा वाचला. दुसरे कांहीं अभ्यासक तो आंकडा ११३२ आहे असें म्हणतात. एका झिजलेल्या आंकड्यावर आपल्या भाषेच्या इतिहासांतील दोनशें वर्षें अवलंबून आहेत, यावरून दगडाच्या एकेका रेघेचें मोल कळावें.

तिसरी पायरी तळाच्या चित्राची. हें चित्र एका गाढवाचें व एका स्त्रीचें असतें. त्याचें सविस्तर वर्णन येथें करणें प्रशस्त नव्हे. तें अशिष्ट आहे, आणि कोरणारानें तें जाणूनबुजून तसें केलें आहे. जो मनुष्य हें दान हिरावून घेईल, त्याच्या मातेची व कुळाची अशी विटंबना होवो, हा त्याचा आशय. कांहीं अभ्यासक यांतील स्त्री म्हणजे भूमि असेंहि समजतात, व शाप मोडणाराची भूमि ओसाड पडो असा अर्थ लावितात. ‘गाढवाचा नांगर फिरविणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत रूढ आहे. सन १६३० च्या सुमारास मुरार जगदेवानें पुणें उद्ध्वस्त करून त्यावर गाढवांचा नांगर फिरविल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. गाढव व उजाडलेली भूमि यांची सांगड आपल्या समाजांत जुनी आहे, हें यावरून दिसतें. अर्थ कोणताहि घेतला तरी एक गोष्ट आजच्या वाचकास खटकल्यावांचून राहूं नये. अपराध करावा कोणी आणि अपमान सोसावा त्याच्या निरपराध मातेनें, ही न्यायाची रीति खचित नव्हे. जुन्या काळाचा अभ्यास करावयाचा तो त्यांतील सर्वच गोष्टींची स्तुति करण्यासाठीं नव्हे. तो काळ जसा होता तसा जाणण्यासाठीं होय.

आतां या तिन्ही पायऱ्या एकत्र करूं. माथ्यावर मुदत, मध्यें मजकूर व पायाशीं शिक्षा, असा हा पूर्ण सरकारी कागद आहे. कागदाऐवजीं दगडावर लिहिलेला, इतकेंच. शिवाय मुदत व शिक्षा या दोन गोष्टी चित्रांत दाखविल्या असल्यामुळें त्या समजण्यास विद्येची गरज नव्हती. आठशें वर्षांपूर्वींचा गुराखी या दगडाजवळून जातांना त्याचा हेतु एका दृष्टिक्षेपांत ओळखीत असे. आज शाळा-कॉलेजांतून शिकलेले आपण त्याच चिन्हांस अनाकलनीय म्हणतों. चिन्हें बदललीं नाहींत. त्यांची भाषा बोलणारीं माणसें मात्र गेलीं.

ही पद्धति केवळ आपल्याच देशांत होती असें नाहीं. पश्चिम आशियांतील बाबिलोनच्या राज्यांत इसवी सनापूर्वीं हजार वर्षांहून अधिक काळ आधीं जमिनीच्या दानाच्या शिळा करीत. त्यांस ‘कुदुर्रू’ म्हणत. त्यांच्या माथ्यावरहि सूर्य, चंद्रकोर व तारा हीं देवतांचीं चिन्हें असत, खालीं दानाचा लेख असे, आणि दान मोडणारास देवांचे भयंकर शाप असत. अशी एक शिळा आंद्रे मिशो नामक फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें बगदादच्या प्रदेशांतून सन १७८६ मध्यें पॅरिसला नेली. त्या वेळीं तिच्यावरील बाणाग्रलिपि जगांत कोणासहि वाचतां येत नव्हती. चिन्हांवरून नाना तर्क लढविण्यांत आले. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती लिपि उलगडली, तेव्हां कळलें कीं, हा एका जमिनीचा दस्तऐवज आहे. पवित्र शास्त्राच्या वाचकांसहि ही कल्पना अपरिचित नाहीं. अनुवाद या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत, जो आपल्या शेजाऱ्याची शींव सरकवितो तो शापित होय असें सांगितलें आहे, व सर्व लोकांनीं त्यास ‘आमेन’ म्हणावें अशी आज्ञा आहे. जेथें मोजणीचे नकाशे व कचेऱ्या नव्हत्या, तेथें दुर्बलाच्या जमिनीचें व देवस्थानाच्या उत्पन्नाचें रक्षण करण्यास मनुष्याच्या मनांतील भीतीवांचून दुसरा पहारेकरी नव्हता.

येथवर वाचून कोणी असें समजूं नये कीं, सूर्यचंद्र दिसले म्हणजे ती शिळा गद्धेगाळच. हीं दोन चिन्हें निरनिराळ्या दगडांवर येतात. निर्णय खालच्या चित्रावरून करावयाचा. तळाशीं गाय व तिला पिणारें वासरूं असेल, तर तोहि दानाचाच दगड. त्यास धेनुगळ म्हणतात. कोंपरांत वांकविलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात असेल, तर तो सतीचा दगड होय. आणि एकावर एक असे चौकोन पाडून त्यांत लढाईचे देखावे कोरिले असतील, तर तो वीरगळ, म्हणजे रणांत पडलेल्या वीराचें स्मारक.

वीरगळ वाचण्याचा क्रम मात्र उलट आहे; तो खालून वर वाचावा. सर्वांत खालीं युद्ध व वीराचा मृत्यु, त्यावर अप्सरा त्यास घेऊन जात आहेत असा देखावा, आणि सर्वांत वर तो वीर कैलासीं शिवलिंगाची पूजा करीत बसला आहे, असें चित्र साधारणपणें असतें. सूर्यचंद्र येथेंहि कायमपणाच दाखवितात. त्या वीराची कीर्ति आचंद्रार्क राहो, हा त्यांचा अर्थ.

या जातीचे फार मोठे नमुने आपल्या बोरिवलीच्या पश्चिमेस एकसर गांवीं आहेत. सन १८८२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्यें तेथील आमराईंत तळ्याजवळ असलेल्या अशा सहा शिळांचें वर्णन दिलें आहे. त्या पुरुषभर उंचीहून मोठ्या असून त्यांच्या माथ्यावर मोठे कलश कोरिलेले आहेत. त्यांतील कांहींवर जमिनीवरची, तर कांहींवर समुद्रावरची लढाई आहे. उंच नाळीचीं, डोलकाठीचीं गलबतें, ओळीनें बसलेले वल्हेकरी, धनुर्धारी योद्धे आणि पाण्यांत पडणारीं माणसें हें सर्व त्या काळ्या दगडांत स्पष्ट उठविलें आहे. आपल्या किनाऱ्यावर त्या काळीं गलबतें कशीं असत, हें या शिळांइतकें प्रत्यक्ष दाखविणारीं साधनें फार थोडीं आहेत.

परंतु ही कोणती लढाई? शिळांवर तर लेख नाहीं. गॅझेटियरच्या लेखकांनीं त्या अकराव्या किंवा बाराव्या शतकांतील असाव्यात असें म्हटलें. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्यांचा संबंध शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा महादेव यादव यांच्या सुमारें सन १२६५ च्या युद्धाशीं जोडला. सोमेश्वरानें महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षां समुद्रांत बुडणें पसंत केलें, असा उल्लेख हेमाद्रीच्या ग्रंथांत आहे. म्हणजे तें युद्ध समुद्रावर झालें हें त्यावरून दिसतें. हा तर्क मोठा आकर्षक आहे. तथापि तो तर्क आहे. दगड कोणत्या जातीचा हें चिन्हांवरून निश्चयानें सांगतां येतें. तो कोणाचा हें मात्र लेखावांचून निश्चयानें सांगतां येत नाहीं. हा भेद विद्यार्थ्यांनीं नीट मनांत धरावा.

आतां पुढची पायरी. वरील शिळांवरचीं अक्षरें निदान देवनागरीच्या घराण्यांतलीं आहेत. अक्षरेंच सर्वस्वी अनोळखी असतील तर काय करावें? याचेंहि उत्तर आपल्या आसपासच आहे. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिवटें येथील महाकालीचीं लेणीं व बोरिवलीच्या अरण्यांतील कान्हेरीचीं लेणीं यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींतील लेख आहेत. एकट्या कान्हेरीसच शंभराच्या आसपास लेख असून, कोणी पाण्याचें टांकें, कोणी लेणें, कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं ठेव दिल्याचीं तीं दानपत्रें आहेत. शेंकडों वर्षें हे लेख डोळ्यांसमोर असून कोणासहि वाचतां येत नव्हते. पुढें सन १८३७ मध्यें कलकत्त्याच्या जेम्स प्रिन्सेप यांनीं सांचीच्या कठड्यांवरील छोट्या छोट्या लेखांच्या नकला एकत्र मांडिल्या असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बहुतेक लेखांच्या शेवटीं तींच दोन अक्षरें व एक टिंब आहे. पुष्कळ लोकांनीं थोडें थोडें देऊन बांधिलेल्या जागीं प्रत्येक लेखाच्या शेवटीं कोणता शब्द येईल? ‘दानं’! या एका शब्दावरून द, न व अनुस्वार हातीं आले, आणि त्या किल्लीनें पुढचीं कुलुपें उघडत गेलीं. या कामास मुंबईचाहि हातभार लागला. येथील मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्यासाठीं कॅप्टन लँग यांनीं गिरनारच्या खडकावरील लेखाची कापडावर नक्कल घेतली. ती प्रिन्सेपकडे गेली, आणि तिच्या साह्यानें अशोकाच्या आज्ञा वाचल्या गेल्या. ज्या विल्सन साहेबांच्या नांवाचें कॉलेज चौपाटीवर आहे, तेच हे.

एकदां एक लेख वाचला गेला म्हणजे तो दुसऱ्याची ओळख पटवितो. सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांना नाला-सोपारें येथें भातेला तळ्याजवळ काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर थोड्याच ओळी व त्याहि अपुऱ्या होत्या. परंतु गिरनार व इतर ठिकाणचे लेख त्यांच्या अभ्यासांतले होते. जुळवून पाहतां तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग असल्याचें त्यांनीं ओळखिलें. तळ्याच्या कांठचा तो तुकडा दोन हजार वर्षांहून जुना निघाला, आणि सोपारें हें अशोकाच्या राज्यांतील महत्त्वाचें ठाणें होतें हें सिद्ध झालें. कान्हेरीच्या एका लेण्यांत तर याहून चमत्कारिक अक्षरें आहेत. तीं ब्राह्मी नव्हेत व नागरीहि नव्हेत. ती इराणची पहलवी लिपि असल्याचें विद्वानांनीं ओळखिलें व ई. डब्ल्यू. वेस्ट यांनीं ते लेख वाचले. सन १००९ व १०२१ या वर्षीं लेणीं पाहण्यास आलेल्या पारशी मंडळींनीं आपलीं नांवें तेथें कोरून ठेविलीं होतीं. आजच्या प्रवाशांनीं लेण्यांवर नांवें कोरणें हा गुन्हा आहे. तथापि हजार वर्षांपूर्वींच्या त्या पाहुण्यांमुळें पारशांच्या इतिहासास दोन निश्चित सनावळ्या मिळाल्या, हें मान्य केलें पाहिजे.

या सर्व उदाहरणांत रीति एकच आहे. ज्ञातावरून अज्ञाताकडे जावें. एका दगडाकडे टक लावून न बसतां त्याच्यासारखे दहा दगड शोधावे. आणि पुरावा असेल तेथवरच बोलावें. या रीतीसहि मर्यादा आहेत. सिंधु नदीच्या कांठीं मोहेंजो-दडो व हरप्पा येथें मिळालेल्या दगडी मुद्रांवरचीं चिन्हें याचें उदाहरण होत. स्पेनांतून सन १९२२ मध्यें मुंबईस आलेले जेझुइट पाद्री हेन्री हेरास यांनीं सेंट झेवियर्स कॉलेजांत राहून त्यांच्या वाचनासाठीं वर्षानुवर्षें परिश्रम केले. त्यांचे ग्रंथ आजहि आदरानें पाहिले जातात. तथापि त्यांचें वाचन विद्वानांनीं स्वीकारिलें नाहीं, व दुसऱ्या कोणाचेंहि सर्वमान्य झालेलें नाहीं. लेख फार छोटे आणि जवळ ठेवून ताडून पाहण्यास दोन लिप्यांतील एकहि लेख नाहीं, हें त्याचें कारण. विद्वत्ता व तळमळ दोन्ही असूनहि पुराव्यावांचून दगड बोलत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्या उपनगरांत असे दगड अजून सांपडतात. सन २०१५ नंतर मुंबई विद्यापीठाचें बहिःशाल शिक्षण केंद्र व पार्ल्याचें साठ्ये महाविद्यालय यांच्या अभ्यासकांनीं व विद्यार्थ्यांनीं साष्टींत पायीं फिरून पाहणी केली, तेव्हां गद्धेगाळ, वीरगळ व देवळांचे अवशेष वस्तींतून आणि बांधकामांच्या आडोशांतून त्यांच्या दृष्टीस पडले. परंतु जितके सांपडतात तितकेच नाहींसे होण्याचाहि संभव असतो. कोणी अशुभ म्हणून दगड उपटून टाकितो. कोणी धनाच्या आशेनें खालीं खणून तो फोडितो. कोणी भक्तीनें शेंदराचे थर देऊन अक्षरें बुजवितो. कोणी नव्या भिंतीच्या पायांत तो बसवितो. धनाची आशा करणारांस एवढेंच सांगावयाचें कीं, या दगडाखालीं कधींहि धन ठेवीत नसत. दान गुप्त ठेवण्यासाठीं नव्हे, तर जाहीर करण्यासाठीं तो उभा केलेला असे.

यासाठीं बालमित्रांनो, असा दगड दिसल्यास पुढील गोष्टी पाळाव्या. तो जागचा हलवूं नये. कारण तो कोणत्या शिंवेवर, कोणत्या देवळाजवळ, कोणत्या दिशेस तोंड करून उभा आहे, हा त्याच्या लेखाचाच एक भाग होय. जागा सुटली म्हणजे अर्धा अर्थ गेला. त्यास घांसूं नये, तारेच्या ब्रशानें किंवा तेजाबानें साफ करूं नये, आणि अक्षरें उठून दिसावीं म्हणून त्यांत खडू वा रंग भरूं नये. सकाळीं अथवा सायंकाळीं ऊन तिरपें पडतें, त्या वेळीं फोटो घ्यावा. भर दुपारीं न दिसणाऱ्या रेघा तेव्हां सावलीनें उघड होतात. शेजारीं पट्टी धरून लांबी, रुंदी व जाडी लिहून घ्यावी. गांवांतील वृद्धांस त्या जागेचें जुनें नांव विचारावें. कित्येकदां शेताच्या किंवा पाड्याच्या नांवांतच इतिहास दडलेला असतो. मग वडिलांस व गुरुजींस सांगून राज्याच्या पुरातत्त्व खात्यास पत्र लिहावें. सन १८७८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. आणि सन १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनें शिल्प वा शिलालेख ही पुरावस्तु ठरते व ती परदेशीं नेऊन विकणें हा अपराध आहे.

ज्या राजांनीं हीं दानें दिलीं, त्यांचीं राज्यें गेलीं. द्रम्म हें नाणें आतां केवळ संग्रहालयांत पाहावयास मिळतें. ज्या वाड्यांचें उत्पन्न देवास लावून दिलें, त्या वाड्यांवर आज घरें व कारखाने उभे आहेत. शापाची भीति ओसरली, आणि ती ओसरली हें एका परीनें बरेंच झालें. पूर्वीं ज्या दगडाचें रक्षण भीतीनें केलें, त्याचें रक्षण आतां ज्ञानानें केलें पाहिजे. आणि ज्ञान असलें म्हणजे भीतीची आवश्यकता राहत नाहीं. आपल्या शाळेंतील एखाद्या मुलानें अगर मुलीनें आपल्या पाड्यांतील अशी एक जरी शिळा ओळखून, तिची जागा न सोडवितां, तिची नोंद करविली, तर साष्टीच्या इतिहासाचें एक पान वांचविल्याचें श्रेय त्यास खचित मिळेल.